मातीत हात घालण्यापूर्वी

क्योतोच्या जुन्या वस्तीतली लाकडी घरे रस्त्यावरून अगदी अरुंद दिसतात. आत शिरले की मात्र एकामागे एक खोल्या लांबवर जात राहतात. अशा घराला तिथे गमतीने ‘वाम माशाचे अंथरूण’ म्हणतात. एवढ्या लांबट घराच्या मधल्या खोल्यांना उजेड आणि वारा मिळावा म्हणून आकाशाला उघडा असा एक तुकडा मोकळा ठेवलेला असतो. तो म्हणजे ‘त्सुबोनिवा’. ‘त्सुबो’ हे जागा मोजण्याचे जुने माप. दोन तातामी चटया मावतील एवढी, म्हणजे सुमारे 3.3 चौरस मीटर जागा. ‘निवा’ म्हणजे बाग. आपल्या वाड्यातला चौक डोळ्यांसमोर आणला तर कल्पना येईल. फक्त तुळशीवृंदावनाच्या जागी इथे दगडी दिवा, हात धुण्याचे दगडी पात्र, दोन-चार झुडपे आणि खाली मखमली शेवाळ असते. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेले पु. ल. देशपांडे उद्यान आहे. तिथे फिरून आलेल्यांना ही शैली परिचयाची असेल. घरातली बाग ही तिचीच छोटी आवृत्ती.

समजा, अशा एका घरात सत्तरी ओलांडलेले एक आजोबा राहतात. ओसरीसारख्या लाकडी ‘एनगावा’वर बसून ते रोज समोरचा वाफा पाहतात. तीस वर्षांपूर्वी लावलेली सात्सुकी अझेलिया आता आतून नुसत्या काटक्यांची झाली आहे. फुले येतात ती टोकाला चार-दोन. कॅमेलियाच्या गळलेल्या पानांखाली दबून शेवाळ जागोजागी मेले आहे. कडेचे बांबूचे कुंपण खालून कुजले आहे. आजोबा ठरवतात, यंदा हा वाफा नव्याने लावायचा.

काम लहान दिसते. चार पावलांचा वाफा, हातात खुरपे आणि झाडे कापायची कात्री. पण या कामाकडे वैद्यकाच्या नजरेने पाहिले, तर झाडांइतकीच माळ्याचीही तयारी लागते हे लक्षात येते. झाडाच्या तयारीसाठी जपानी माळ्यांकडे एक सुंदर शब्द आहे.

मुळांची पूर्वतयारी

जुने झाड एका जागेवरून दुसरीकडे हलवायचे असेल, तर जपानी माळी ते सरळ उपटत नाही. आधी काही महिने, मोठे झाड असेल तर वर्षभर आधी, तो खोडाभोवती गोल चर खणतो, लांब गेलेली जाड मुळे तोडतो आणि माती पुन्हा भरून ठेवतो. तोडलेल्या टोकांपाशी, खोडाच्या जवळच, बारीक तंतुमुळे फुटतात. पाणी आणि क्षार शोषण्याचे खरे काम हीच मुळे करतात. मग झाड हलवले तरी ती मातीच्या गोळ्यासकट बरोबर जातात आणि झाड नव्या जागी तग धरते. या पद्धतीला ‘नेमावाशी’ म्हणतात. हा शब्द पुढे जपानी कचेऱ्यांतही शिरला. बैठकीत ठराव मांडण्याआधी एकेकाला भेटून त्याचे मन तयार करणे, यालाही तिथे नेमावाशीच म्हणतात.

आजोबांनी कॅमेलियाची नेमावाशी केली. आता मोसम पाहायचा. कडक उन्हाळा आणि गोठवणारी थंडी टाळून, वसंतात नवी पालवी जोर धरण्यापूर्वी किंवा उन्हाळा ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात हे काम करतात. झाडाचे सगळे वेळापत्रक ठरले. आजोबांचे स्वतःचे मात्र काहीच ठरलेले नाही.

उपटताना काय हाती लागते

पहिली गाठ पडते ती कॅमेलियाशी. या झाडावर, तसेच तिच्या कुळातल्या साझांका आणि चहाच्या झुडपांवर ‘चादोकुगा’ नावाच्या पतंगाचे सुरवंट येतात. नावाचा अर्थच ‘चहावरचा विषारी पतंग’. मे-जून आणि ऑगस्ट-सप्टेंबर असे वर्षातून दोनदा ते दिसतात. लहान असताना पानाच्या खालच्या बाजूला एकमेकांना चिकटून रांगेत बसतात. त्यांच्या अंगावरचे विषारी केस इतके बारीक असतात की सुरवंटाला हात न लावताही, नुसत्या वाऱ्याने किंवा त्याने टाकलेल्या कातीवरून, ते अंगावर येतात. मग मानेवर, हातांवर तांबडा पुरळ उठतो आणि काही दिवस प्रचंड खाज सुटते. म्हणून फांदी हलवण्यापूर्वी पानांची खालची बाजू बघावी. केस लागलेच तर चोळू नये. चिकटपट्टी हलकेच लावून उचलावी, वाहत्या पाण्याने धुवावे आणि अंगावरचे कपडे इतरांच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत.

दुसरी गोष्ट कंदांची. जुना वाफा उकरला की विसरून गेलेले कंद वर येतात. त्यात नार्सिसस, म्हणजे डॅफोडिलच्या कुळातले कंद असू शकतात. ते दिसायला कांद्यासारखे असतात आणि त्यांची पाने जपानी स्वयंपाकातल्या ‘निरा’ या पातीसारखी. जपानमध्ये या गोंधळातून लोकांना विषबाधा होत आली आहे आणि तिथले आरोग्य खाते त्याबद्दल सावध करत असते. खाल्ल्यावर थोड्याच वेळात मळमळ आणि उलट्या सुरू होतात. उपाय साधा आहे. शोभेचे कंद आणि खायची भाजी एका वाफ्यात लावू नये आणि उकरलेला कंद स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवू नये.

या दोन्ही गोष्टी त्रासदायक आहेत, पण जिवावर बेतणाऱ्या क्वचितच. खरा धोका डोळ्यांना दिसत नाही.

एक छोटीशी जखम

कुजलेले कुंपण काढताना बांबूची कूस तळहातात शिरते. जुना खिळा बोटाला ओरखडतो. किंवा माळ्यांच्या ‘जिकाताबी’ या पातळ तळव्याच्या कापडी जोड्यातून काहीतरी टोकदार पायात घुसते. रक्त फारसे येत नाही. आजोबा बोट चोखतात, पुसतात आणि पुन्हा कामाला लागतात.

बागेच्या मातीत, विशेषतः शेणखत पडलेल्या मातीत, धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे जिवाणूचे कवचात झोपलेले रूप. ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि साध्या उकळीने मरतीलच असे नाही. त्यांना जागे व्हायला ऑक्सिजन नसलेली जागा लागते. रुंद, उघडी, वाहती जखम त्यांना मानवत नाही. खोल आणि अरुंद जखम, आत अडकलेली कूस, मेलेली कातडी आणि मातीचा कण, ही त्यांची आवडती जागा. खिळा गंजलेला आहे की नवा, याला महत्त्व नाही. तो मातीतून आला का आणि किती खोल गेला, याला आहे.

जागा झालेला जिवाणू जखमेतच राहतो. शरीरभर पसरते ते त्याचे विष. ते चेतातंतूंतून मागे मागे प्रवास करत मज्जारज्जूपर्यंत पोहोचते. आपल्या प्रत्येक हालचालीत दोन आदेश असतात. एक स्नायूला ‘आखड’ म्हणणारा आणि दुसरा ‘पुरे’ म्हणणारा. हे विष नेमके ‘पुरे’ म्हणणारे संदेश बंद पाडते. गाडीचा ब्रेक निकामी व्हावा तसे होते. स्नायू आखडतात आणि सैल पडत नाहीत. माणसासाठी या विषाची घातक मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे 2.5 नॅनोग्रॅम मानली जाते. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

जखमेनंतर साधारण आठ दिवसांनी, पण 3 ते 21 दिवसांत केव्हाही लक्षणे सुरू होतात. तोपर्यंत जखम भरून आलेली असते, कधी विसरूनही गेलेली असते. पहिली तक्रार बहुधा जबड्याची. तोंड नीट उघडत नाही, घास चावता येत नाही. रुग्ण आधी दाताच्या नाही तर घशाच्या डॉक्टरांकडे जातो. मग मान ताठरते, गिळता येत नाही, पोट लाकडासारखे कडक होते. आवाज झाला, दिवा लागला, कुणी स्पर्श केला एवढ्यानेही सर्वांगाला झटके येतात आणि पाठ धनुष्यासारखी मागे वाकते. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. चेतांना एकदा चिकटलेले विष कोणतेही औषध सोडवू शकत नाही. अतिदक्षता विभागात, अनेकदा कृत्रिम श्वासावर, काही आठवडे ते ओसरण्याची वाट पाहावी लागते. वृद्धांपैकी अनेक जण तेवढे तग धरत नाहीत.

या आजाराचे मराठी नाव त्या वाकलेल्या पाठीवरून आले आहे. धनुष्य आणि वात. जपानी भाषेत त्याला ‘हाशोफू’ म्हणतात. त्यातला ‘शो’ जखमेचा आणि ‘फू’ म्हणजे वारा. एकमेकांपासून एवढ्या दूरच्या दोन भाषांनी दोष वाऱ्यालाच दिला. खरा दोषी पायाखालच्या मातीत होता.

नोटेवरचा माणूस

हे सिद्ध व्हायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. 1884 मध्ये जर्मनीत आर्थर निकोलाएर यांनी मातीचे नमुने प्राण्यांना टोचले, तेव्हा त्या प्राण्यांना धनुर्वात झाला. मातीत काहीतरी आहे हे कळले, पण इतर असंख्य जंतूंमधून नेमका तो जिवाणू वेगळा काढता येईना. ते काम 1889 मध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शिबासाबुरो कितासातो या जपानी डॉक्टरने केले. त्यांनी जंतूंचे मिश्रण 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले. बाकीचे जंतू मेले, कवचातले बीजाणू उरले. मग त्यांनी ते ऑक्सिजनऐवजी हायड्रोजन वायूत वाढवले.

पुढच्याच वर्षी, 1890 मध्ये, कितासातो आणि एमिल फॉन बेरिंग यांनी दाखवून दिले की थोडे थोडे विष देऊन तयार केलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषाला निकामी करणारे काहीतरी असते आणि तो रक्तद्रव दुसऱ्या प्राण्यालाही वाचवतो. आज प्रतिपिंडे म्हणून ओळखली जाणारी कल्पना इथे आकाराला आली. जखमेनंतर दिले जाणारे धनुर्वाताचे इम्युनोग्लोब्युलिन हे त्याच रक्तद्रवाचे वंशज. 1901 मध्ये वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक एकट्या बेरिंग यांना, घटसर्पावरच्या उपचारासाठी, मिळाले. कितासातोंची आठवण जपानने वेगळ्या रीतीने ठेवली. 3 जुलै 2024 पासून 1,000 येनच्या नव्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे. आजोबा वाफ्यासाठी मातीची पिशवी विकत घेतील, तेव्हा कदाचित हीच नोट पुढे करतील.

1968 पूर्वी जन्मलेले

आणि तरीही आजोबांना संरक्षण नसण्याचीच शक्यता जास्त. जपानमध्ये घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची एकत्रित लस सर्व मुलांना नियमित देणे 1968 मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी जन्मलेल्या बहुतेकांना लहानपणी ही लस मिळालीच नाही. त्यामुळे त्या पिढीत धनुर्वाताविरुद्धची प्रतिपिंडे कमी आढळतात. जपानमध्ये आजही वर्षाला साधारण 100 रुग्णांची नोंद होते आणि त्यात मोठा वाटा वयस्करांचा असतो. निवृत्तीनंतर रोज मातीत हात घालणारी पिढी आणि लस न मिळालेली पिढी एकच आहे.

इथे धनुर्वाताच्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. गोवरासारख्या आजारात आजूबाजूच्या बहुतेकांनी लस घेतली असेल तर न घेतलेल्यालाही आडोसा मिळतो. धनुर्वात माणसाकडून माणसाला होतच नाही, तो मातीतून येतो. शेजाऱ्याने लस घेतल्याचा आपल्याला काहीही उपयोग नाही. दुसरी गोष्ट, हा आजार एकदा होऊन गेला तरी त्याने प्रतिकारशक्ती येत नाही. विषाची मात्रा इतकी कमी असते की शरीर त्याची ओळखच ठेवत नाही. बऱ्या झालेल्या रुग्णालाही लस घ्यावीच लागते.

ज्या प्रौढाला लहानपणी लस मिळालेली नाही, त्याला तीन डोस लागतात. पहिला, त्यानंतर किमान चार आठवड्यांनी दुसरा आणि पुढे सहा ते बारा महिन्यांनी तिसरा. त्यानंतर दर 10 वर्षांनी एक. म्हणजे कॅमेलियाभोवती चर खणला त्या आठवड्यात आजोबांनी पहिला डोस घेतला असता, तर झाड हलवायची वेळ येईपर्यंत त्यांचीही नेमावाशी पुरी झाली असती.

नवी माती, नवी झाडे

आता लागवड. अझेलियाला आम्ल माती लागते आणि तिची मुळे बारीक आणि उथळ असतात. तोचिगी प्रांतातल्या कानुमा भागात मिळणारी ‘कानुमा-त्सुची’ ही हलकी, पिवळसर, आम्लधर्मी ज्वालामुखी माती म्हणूनच तिच्यासाठी वापरतात. त्यात पानकुजीचे खत मिसळतात. झुडूप खोल पुरायचे नाही, मुळांचा माथा जमिनीलगत राहिला पाहिजे. आधी दगड पक्के करायचे, मग झुडपे, मग कडेची बुटकी झाडे आणि सर्वांत शेवटी शेवाळ. शेवाळाला खरी मुळे नसतात. ते पाणी पानांतूनच घेते. त्यामुळे ते मातीला घट्ट टेकवून हलके दाबावे आणि सकाळी किंवा संध्याकाळी बारीक फवारा द्यावा.

याही टप्प्यावर थोडी काळजी लागते. कुंडीच्या तयार मातीच्या पिशवीत ‘लेजिओनेला लाँगबीची’ हा न्यूमोनिया करणारा जिवाणू असू शकतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अशा पिशव्यांवर तशी सूचना छापलेली असते. पिशवी उघडताना तोंड लांब ठेवावे, धूळ उडू नये म्हणून माती आधी किंचित ओलवावी, मास्क लावावा आणि काम झाल्यावर जेवण्यापूर्वी किंवा विडी-सिगारेट ओढण्यापूर्वी हात धुवावेत. शेवाळलेले पायदगड निसरडे असतात. सत्तरीतल्या माणसाचे खुब्याचे हाड अशा एका पावलाने मोडू शकते. फार वेळ उकिडवे बसून एकदम उठले की चक्कर येते, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर अधिकच. बुटका पाट किंवा स्टूल घ्यावे, अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे, पाणी प्यावे.

हे सगळे वाचून कुणी म्हातारपणी बागकाम सोडू नये. वाकणे, उठणे, तोल सांभाळणे, बोटे वापरणे आणि उद्या कळी उमलली का हे पाहायला सकाळी बाहेर येणे, एवढे सगळे एका कामात देणारा व्यायाम दुसरा मिळणे कठीण. सोडायची आहे ती फक्त बेफिकिरी.

आपल्याकडचा हिशेब

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा हिशेब परका नाही. भारतात बालकांसाठीचा लसीकरण कार्यक्रम 1978 मध्ये सुरू झाला आणि 1985 पासून तो सार्वत्रिक करण्यात आला. म्हणजे आज पन्नाशीत आणि पुढे असलेल्या अनेकांना लहानपणी या लसीचे डोस मिळालेले नाहीत. स्त्रियांना गरोदरपणात धनुर्वाताची लस देण्याची पद्धत असल्याने त्यांना निदान तेवढे संरक्षण मिळाले. त्याच बळावर आणि सुरक्षित बाळंतपणांमुळे 2015 मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात दूर झाल्याचे जाहीर झाले. पुरुषांच्या वाट्याला तेही आले नाही. शेतात अनवाणी राबणारे, गॅलरीत कुंड्या लावणारे, मधुमेहामुळे पायाला जखम होऊनही न कळणारे असे सगळे त्यात येतात.

आपल्याकडे आणखी एक समज घट्ट आहे. लागले की धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे आणि त्याचा परिणाम सहा महिने टिकतो. यात दोन चुका आहेत. ज्याने आधी तीन डोस पूर्ण केले आहेत, त्याला प्रत्येक ओरखड्यासाठी सुई लागत नाही. स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी गेल्या 10 वर्षांत आणि मातीने माखलेल्या किंवा खोल जखमेसाठी गेल्या 5 वर्षांत डोस झाला असेल तर तो पुरतो. उलट ज्याने आधी कधीच लस घेतलेली नाही, त्याला जखमेनंतरचे एकच इंजेक्शन वेळेवर वाचवेल याची खात्री नाही. मळलेल्या जखमेसाठी अशा माणसाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते आणि पुढचे दोन डोस पूर्ण करावे लागतात. बहुतेकांचे तेच राहून जाते. जखम भरते आणि माणूस विसरतो.

जखम झाल्यावर पहिले काम मात्र कुणालाही करता येते. वाहत्या पाण्याने आणि साबणाने ती नीट धुवावी. तिच्यावर माती, राख किंवा शेण लावू नये. कूस आत राहिली असेल किंवा खोल टोचले असेल तर घरी उकरत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि शेवटची लस केव्हा घेतली ते सांगावे. धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण देणारी ‘टीडी’ लस आता आपल्याकडे दिली जाते. पूर्वीच्या ‘टीटी’ची जागा तिने घेतली आहे.

आजोबांच्या वाफ्यात शेवाळ पुन्हा एकसंध व्हायला एक-दोन वर्षे लागतील. अझेलिया पुढच्या वसंतात फुलेल, कॅमेलिया थंडीत. त्याआधी त्यांनी जवळच्या दवाखान्यात जाऊन बाहीवर एक सुई टोचून घेतली आणि पुढच्या दोन डोसांच्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवल्या, तर वाफ्याचे काम खऱ्या अर्थाने पूर्ण झाले म्हणायचे. आपल्या घरातल्या दिनदर्शिकेतही त्या तीन तारखांना जागा आहेच.